बोर्ड आणला पण पोर्टच दिसत नाही? आर्डुइनो, ईएसपी ३२ साठी कॉम्प्युटर तयार करायची सगळी पद्धत

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की माझ्याकडे डिप्लोमाची पोरं यायला लागतात, हातात आर्डुइनो नॅनो नाहीतर ईएसपी ३२ चा बोर्ड (प्रोग्रॅम टाकून चालवायचे छोटे सर्किट बोर्ड), जंपर वायरींचा गुंता आणि चेहऱ्यावर एकच वाक्य, "दादा कोड चालत नाहीये." कोड उघडून बघावा तर त्याला काही झालेलंच नसतं, तो बिचारा अजून बोर्डापर्यंत पोचलेलाच नसतो. दहातल्या आठ वेळा भानगड कॉम्प्युटर आणि बोर्ड यांच्या मधे असते आणि पोरं तीन रात्री कोडचे सेमीकोलन तपासत बसलेली असतात.

म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढतोय. मधली साखळी अशी आहे: केबल, बोर्डावरची यूएसबीची चिप, ड्रायव्हर (कॉम्प्युटरला ती चिप ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर), पोर्ट (कॉम्प्युटरने बोर्डाला दिलेला पत्ता), आयडीईत (कोड लिहून बोर्डावर पाठवायचं सॉफ्टवेअर) निवडलेला बोर्ड आणि शेवटी बूटलोडर (बोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम, जो तुमचा कोड आत उतरवून घेतो). एक कडी तपासून झाल्याशिवाय पुढच्या कडीला हात लावायचा नाही, एवढं एक पाळलंत तरी अर्धी रात्र वाचते. मेनूची नावं मी देवनागरीत लिहितोय, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील, तेवढं समजून घ्या.

आधी बोर्ड नीट बघा

सॉफ्टवेअर डाउनलोड करायच्या आधी बोर्ड हातात घ्या आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून यूएसबीच्या खाचेजवळची छोटी चिप बघा, तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. नॅनोत ही चिप बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते.

ही चिप कशाला असते? तर आर्डुइनो उनो आणि नॅनो या बोर्डांवरचा मुख्य मायक्रोकंट्रोलर (तुमचा कोड चालवणारी चिप) म्हणजे एटीमेगा ३२८पी, त्याला यूएसबी अजिबात कळत नाही. त्याला फक्त साधं सिरीयल बोलणं कळतं, आरएक्स आणि टीएक्स अशा दोन तारांवरचं. म्हणून मधे एक दुभाषी बसवलेला असतो जो कॉम्प्युटरशी यूएसबीत बोलतो आणि कंट्रोलरशी सिरीयलमधे. ओरिजिनल उनो आर ३ वर हे काम एटीमेगा १६यू२ नावाची चिप करते. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जे स्वस्त बोर्ड मिळतात त्यावर बहुतेक सीएच ३४० असते, ईएसपी ३२ च्या बोर्डांवर सीपी २१०२ किंवा परत सीएच ३४०, आणि काही जुन्या नॅनोंवर एफटीडीआय कंपनीची चिप असते. ड्रायव्हर कुठला टाकायचा हे या चिपवर ठरतं, बोर्डाच्या नावावर नाही, आणि गोंधळ इथेच होतो, "आर्डुइनोचा ड्रायव्हर" शोधत लोक फिरत राहतात.

क्लोन (दुसऱ्या कंपनीने बनवलेली नक्कल) घ्यावा की ओरिजिनल हा वाद मी घालणार नाही, शिकायला क्लोन चालतो, मीही तेच वापरतो. फक्त चिप ओळखून घ्या.

केबल, केबल आणि केबल

मी स्वतः एकदा पूर्ण रात्र घालवलीय. विंडोज परत टाकायच्या तयारीला लागलो होतो. बोर्डावरचा लाल दिवा पेटलेला, म्हणजे करंट येतोय, म्हणजे केबल चांगली, असा माझा हिशोब. तो हिशोबच चुकीचा. साध्या यूएसबी केबलमधे चार तारा असतात, दोन पॉवरच्या आणि दोन डेटाच्या, आणि बरीच स्वस्त चार्जिंगची केबल, पॉवरबँकेसोबत किंवा ब्लूटूथ स्पीकरसोबत फुकट येते ती, तिच्यात डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. दिवा पेटतो पण कॉम्प्युटरला कळतच नाही की कोणी आलंय.

तपासायचं सोपं आहे. मायक्रो यूएसबी किंवा टाइप सी केबल असेल तर ती मोबाइलला लावून कॉम्प्युटरवर फोनमधले फोटो दिसतात का बघा. दिसले तर केबल पास. उनोला प्रिंटरची चौकोनी तोंडाची केबल लागते, ती बहुधा डेटाचीच असते. जुन्या नॅनोला मिनी यूएसबी लागते, ती आता घरात सापडणं मुश्किल, बोर्ड घेतानाच दुकानदाराकडून मागून घ्या. आणि केबल पास झाली की तिच्यावर चिकटपट्टी लावून "डेटा" असं लिहून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी ती चार्जिंगला नेणारच.

टाइप सी वाल्या स्वस्त बोर्डांचा अजून एक वेगळा खेळ आहे. दोन्ही बाजूंनी टाइप सी असलेली केबल लावली की बोर्ड मेल्यासारखा पडून राहतो, दिवाही पेटत नाही. बोर्ड मेलेला नसतो, बनवणाऱ्याने पैसे वाचवायला सीसी पिनांवरचे दोन ५.१ किलोओहमचे रेझिस्टर लावलेले नसतात, त्यामुळे लॅपटॉपला समजत नाही की समोरच्याला करंट द्यायचाय. एका बाजूला जुनं चपटं यूएसबी ए आणि दुसऱ्या बाजूला सी अशी केबल वापरा, काम होतं.

शक्यतो हब मधे घालू नका, आणि डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या खाचा वापरा, पुढच्या पॅनलच्या खाचा बऱ्याच कॅबिनेटमधे आतून ढिल्या असतात.

आयडीई टाकताना

आर्डुइनोच्या अधिकृत साइटवरून आयडीई २ घ्या. मधे देणगीचं पान येतं, तिथे "जस्ट डाउनलोड" असं बटण असतं, ते दाबलं की फुकट मिळतं (पुढेमागे ऐपत झाली की द्या थोडे पैसे, तो भाग वेगळा). आयडीई २ ला ६४ बिटवालं विंडोज १० किंवा पुढचं लागतं. घरात जुना ३२ बिटचा लॅपटॉप असेल किंवा रॅम २ जीबीच असेल तर हट्ट करू नका, त्याच पानावर खाली जुन्या आवृत्त्या मिळतात त्यातली १.८.१९ घ्या, दिसायला जुनाट आहे पण कमी मशीनवर पळते आणि शिकण्यासाठी काही अडत नाही.

आता एक खास आपल्याकडची भानगड. काही जणांनी विंडोजच्या अकाउंटचं नाव हौसेने मराठीत ठेवलेलं असतं, म्हणजे सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरात देवनागरी नावाचं फोल्डर तयार झालेलं असतं. आयडीई आपले सगळे कंपायलर त्याच फोल्डरच्या आत टाकते, आणि त्यातली काही जुनी टूल्स पाथमधे इंग्रजी सोडून दुसरी अक्षरं आली की गडबडतात, "नो सच फाइल" टाइपचे एरर येतात आणि फाइल तर डोळ्यासमोर असते. नंतर कंट्रोल पॅनलमधून अकाउंटचं नाव बदलून काही होत नाही कारण फोल्डरचं नाव तेच राहतं. सरळ साध्या इंग्रजी अक्षरांत, मधे स्पेस न देता, एक नवीन लोकल अकाउंट बनवा आणि आर्डुइनोचं काम तिथे करा. मराठीवर प्रेम आहे पण कंपायलरला त्याचं काय.

तसंच डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमधे गेलेलं असतं, आपल्याला न विचारताच बऱ्याचदा. मग तुमचे स्केच (आर्डुइनोत प्रोग्रॅमला स्केच म्हणतात) आणि लायब्ररी सिंक होत बसतात, कधी फाइल लॉक असते, कधी ती फक्त क्लाउडवर असते आणि कंपाइल अर्ध्यात अडकतं. आयडीईत फाइल, प्रेफरन्सेस मधे जा आणि स्केचबुक लोकेशन बदलून सी ड्राइव्हवर थेट एक साधं फोल्डर द्या. तिथेच खाली "शो व्हर्बोज आउटपुट" च्या दोन चौकटी आहेत, कंपाइल आणि अपलोड, दोन्हीला टिक करून ठेवा. सुरुवातीला खूप मजकूर येतो म्हणून लोक घाबरतात पण पुढे एरर शोधताना तोच कामी येतो.

पहिल्यांदा आयडीई उघडली की विंडोजचं फायरवॉल दोन-तीनदा परवानगी मागतं, त्यात एमडीएनएस डिस्कव्हरी वगैरे नावं दिसतात. व्हायरस नाहीये तो, वायफायवरचे बोर्ड शोधायची सोय आहे. अलाउ करा किंवा कॅन्सल करा, यूएसबीच्या कामाला काही फरक पडत नाही. ड्रायव्हर टाकायला परवानगी मागेल तिथे मात्र हो म्हणा.

ड्रायव्हर आणि पोर्ट

विंडोजवर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. बोर्ड अजून लावू नका. आता तिथे "पोर्ट्स (कॉम अँड एलपीटी)" अशी ओळ आहे का बघा, असली तर तिच्यात काय काय आहे ते लक्षात ठेवा, नसली तरी ठीक. मग बोर्ड लावा आणि यादीकडे बघत रहा. तीनच गोष्टी होऊ शकतात.

यादी हललीच नाही, आवाजही आला नाही, तर परत केबलवर जा, ड्रायव्हर टाकून काही उपयोग नाही, कारण कॉम्प्युटरला बोर्ड आलेलाच कळला नाहीये. दुसरी केबल, दुसरी खाच, दुसरा कॉम्प्युटर.

यादी हलली पण पिवळा त्रिकोण असलेली एक ओळ आली, "यूएसबी सिरीयल" किंवा "अननोन डिव्हाइस" अशी, तर चिप दिसतेय पण ड्रायव्हर नाही. सीएच ३४० साठी ती चिप बनवणाऱ्या डब्ल्यूसीएच कंपनीच्या साइटवर सीएच ३४१ एसईआर नावाची फाइल मिळते. हो, नाव ३४१, चालते ३४० ला पण. सीपी २१०२ साठी सिलिकॉन लॅब्सच्या साइटवरचा व्हीसीपी ड्रायव्हर. कुठल्याही "फ्री ड्रायव्हर डाउनलोड" वाल्या साइटवरून घेऊ नका, त्यासोबत काय काय येईल सांगता येत नाही. टाकून झाल्यावर बोर्ड काढून परत लावा.

आणि तिसरी म्हणजे "सीएच ३४०" आणि पुढे कंसात कॉम ५ किंवा असाच नंबर दिसला. झालं, ही कडी पक्की. नंबर लिहून ठेवा पण त्याच्यावर फार विसंबू नका, सीएच ३४० ला स्वतःचा सिरीयल नंबर नसतो त्यामुळे तोच बोर्ड दुसऱ्या खाचेत लावला की विंडोजला तो नवीनच वाटतो आणि कॉम नंबर बदलतो. "काल चालत होतं आज नाही" याचं निम्म्या वेळा हेच कारण.

एक जरा चमत्कारिक केस पण येते, पोर्ट दिसतो, नंबर बरोबर, पण अपलोड करताना "कान्ट सेट कॉम स्टेट" असा एरर. विंडोज अपडेटने परस्पर नवीन ड्रायव्हर टाकलेला असतो आणि तो काही स्वस्त चिपांशी जमत नाही. त्या ओळीवर डबल क्लिक, ड्रायव्हर टॅब, "रोल बॅक ड्रायव्हर". ते बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शोधून हाताने टाकावा लागतो. २०१४ मधे तर एफटीडीआयने अपडेटमधून असा ड्रायव्हर पाठवला होता की जो नकली चिपांचा ओळख नंबरच शून्य करून टाकायचा, लोकांचे चालते बोर्ड एका रात्रीत दिसेनासे झाले, खूप आरडाओरडा झाला मग तो मागे घेतला. ड्रायव्हर हा विषय इतका साधा नाही म्हणून सांगितलं.

मॅकवाल्यांना फार करायचं नाही, नवीन मॅकओएसमधे या चिपांची सोय बहुतेक आधीच असते. एम सिरीजच्या लॅपटॉपवर बोर्ड लावल्यावर "अॅक्सेसरी कनेक्ट करू द्यायची का" असं विचारतं, तिथे घाईत नको म्हटलं की पोर्ट दिसत नाही, एवढंच.

लिनक्सवर

इथे ड्रायव्हर कर्नलमधेच असतात, त्यामुळे लोक म्हणतात लिनक्सवर काहीच करावं लागत नाही. अर्धं खरं. उबुंटूवर आयडीई २ ही अॅपइमेज म्हणून येते, फाइलवर राइट क्लिक करून तिला "एक्झिक्युट" ची परवानगी द्यावी लागते, आणि उबुंटू २२.०४ वर ती डबल क्लिक करूनही उघडली नाही तर लिबफ्यूज २ नावाचं पॅकेज टाका, ते आधीसारखं सोबत येत नाही.

मग परवानगीचा प्रश्न. पोर्ट दिसतो पण अपलोडला "परमिशन डिनाइड". सिरीयल पोर्ट वापरायचा हक्क डायलआउट नावाच्या ग्रुपला असतो (मोडेमवरून फोन लावायच्या जमान्यातलं नाव, तसंच राहिलंय) आणि तुम्ही त्या ग्रुपमधे नसता. टर्मिनलमधे सुडो, यूजरमॉड, मग उणे चिन्हाला चिकटून छोटा ए आणि मोठा जी, मग डायलआउट, मग तुमचं यूजरनेम, सगळं इंग्रजीत. तो छोटा ए विसरू नका, तो राहिला तर तुम्ही बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपांतून बाहेर पडता, सुडोचा हक्कही जातो, मग वेगळीच डोकेदुखी. हे केल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करायचं, नुसता टर्मिनल बंद करून उघडला तर चालत नाही. काही जण सरळ आयडीईच सुडोने उघडतात, करू नका, मग फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि नंतर तुमच्याच स्केचला तुम्हाला हात लावता येत नाही.

आणि ही गंमत ऐका. उबुंटू २२.०४ वर सीएच ३४० चा बोर्ड लावला की पोर्ट एक क्षण येतो आणि गायब होतो. डीमेसेज कमांड मारून शेवटच्या ओळी बघितल्या तर तिथे बीआरएलटीटीवाय असं नाव दिसतं. हा अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्रॅम. काही ब्रेल यंत्रांमधे हीच चिप असते, त्यामुळे तो तुमचा नॅनो ब्रेलचं यंत्र समजून ताब्यात घेतो. घरात कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका, बोर्ड काढून परत लावा, पोर्ट टिकतो. कोणी वापरत असेल तर ते काढू नका, दुसऱ्या चिपचा बोर्ड घ्या, स्वस्तात सुटाल.

पहिला प्रोग्रॅम: दिवा लावणं, पण नीट

आयडीईत टूल्स, बोर्ड मधून तुमचा बोर्ड निवडा, टूल्स, पोर्ट मधून मघाचा पोर्ट. मग फाइल, एक्झाम्पल्स, ०१ बेसिक्स, ब्लिंक. आधी अपलोड नका दाबू, बरोबरची खूण असलेलं व्हेरिफाय दाबा. उनोवर खाली साधारण असं येतं की स्केचने ९२४ बाइट वापरले, २ टक्के, जास्तीत जास्त ३२२५६. एटीमेगाची फ्लॅश ३२ केबीची, म्हणजे ३२७६८ बाइट, त्यातले ५१२ बूटलोडरने खाल्लेले. हे आकडे दिसले म्हणजे कंपायलर ठणठणीत आहे, पुढे काही बिघडलं तर तो दोष कंपायलरचा नाही हे पक्कं झालं.

आता प्रोग्रॅममधे डिलेच्या कंसात दोन ठिकाणी १००० आहे, ते १०० करा, आणि मग अपलोड. हे का? कारण बरेच बोर्ड कारखान्यातून ब्लिंक टाकूनच येतात, दिवा एक-एक सेकंदाने आधीपासूनच लुकलुकत असतो आणि पोरं म्हणतात झालं अपलोड! झालेलं काहीच नसतं. भराभर लुकलुकला तर तो तुमचा.

अपलोड होताना बोर्डावर आरएक्स-टीएक्सचे दिवे फडफडतात. ते फडफडले आणि तरी एरर आला तर डेटा जातोय पण पलीकडून उत्तर नाही. अजिबात फडफडले नाहीत तर चुकीचा पोर्ट.

सगळ्यात जास्त दिसणारा एरर म्हणजे एव्हीआरड्यूडचा (कोड बोर्डावर पाठवणारा प्रोग्रॅम) "नॉट इन सिंक" किंवा "प्रोग्रॅमर इज नॉट रिस्पाँडिंग". नॅनो असेल तर आधी टूल्स, प्रोसेसर मधे जा आणि "एटीमेगा ३२८पी (ओल्ड बूटलोडर)" निवडून परत अपलोड करा. बाजारातल्या बऱ्याच क्लोन नॅनोंवर अजून जुना बूटलोडर असतो, तो ५७६०० च्या वेगाने बोलतो आणि आयडीई नव्या ११५२०० ने बोलते, मग एकमेकांना ऐकूच येत नाही. या एका मेनूने मी आजवर किती पोरांचे प्रोजेक्ट वाचवलेत, मोजलेले नाहीत.

तरी नाही झालं तर ० आणि १ नंबरच्या पिनांना काही जोडलंय का बघा, एचसी ०५ ब्लूटूथ किंवा जीपीएस मॉड्यूल. त्याच दोन पिना यूएसबीच्या चिपलाही जोडलेल्या असतात, तिसरा माणूस मधे बोलायला लागला की अपलोड फसतं. अपलोडपुरतं ते काढा. आणि "अॅक्सेस डिनाइड" किंवा "पोर्ट बिझी" आलं तर दुसरी कुठलीतरी खिडकी पोर्ट धरून बसलीय, दुसरी आयडीई, पुट्टी, नाहीतर तुमचाच पायथन स्क्रिप्ट. एका वेळी एकालाच पोर्ट मिळतो.

आणि एवढं करूनही शंका उरली तर लूपबॅक टेस्ट करा. उनो किंवा नॅनोवर रीसेट पिन जीएनडीला (ग्राउंड) जोडा म्हणजे मुख्य कंट्रोलर झोपला, आणि आरएक्स व टीएक्स या पिना एका वायरने एकमेकांना जोडा. आयडीईतला सिरीयल मॉनिटर (बोर्डाशी मजकुरात बोलायची खिडकी) उघडून काहीही टाइप करून पाठवा. तेच परत आलं तर केबल, यूएसबीची चिप, ड्रायव्हर, पोर्ट हे सगळं एका फटक्यात निर्दोष सुटलं, आणि दोष कंट्रोलरमधे किंवा बूटलोडरमधे. बूटलोडर उडाला असेल तर दुसरा उनो प्रोग्रॅमर म्हणून वापरून तो परत भरता येतो, एक्झाम्पल्समधे आर्डुइनो आयएसपी नावाचा स्केच त्यासाठीच आहे. परत काहीच आलं नाही तर कंट्रोलरला बोल लावू नका, अलीकडच्या कड्या बघा.

सिरीयल मॉनिटरमधे चौकोन, प्रश्नचिन्हं, कचरा दिसत असेल तर प्रोग्रॅममधला बॉड रेट (सिरीयल बोलण्याचा वेग) आणि खिडकीतला बॉड रेट वेगळे आहेत. बोर्ड खराब नाही.

ईएसपी ३२

वायफाय पाहिजे म्हणून हल्ली सगळेच इकडे येतात, आणि बरोबरच आहे, कुठे उनोची २ केबी रॅम आणि कुठे याची ५२० केबी. बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी शांघायची, पुण्यातही त्यांचं ऑफिस आहे.

याच्यासाठी बोर्ड पॅकेज वेगळं टाकावं लागतं. बोर्ड्स मॅनेजरमधे ईएसपी ३२ सर्च करा. "आर्डुइनो ईएसपी ३२ बोर्ड्स" असं दिसेल ते घेऊ नका, ते आर्डुइनोच्या स्वतःच्या नॅनो ईएसपी ३२ साठी आहे. एस्प्रेसिफ सिस्टिम्सचं नाव असलेलं घ्या. ते यादीत नसेल तर एस्प्रेसिफच्या डॉक्युमेंटेशनमधे इन्स्टॉलेशनच्या पानावर स्टेबल रिलीजची लिंक आहे ती कॉपी करून प्रेफरन्सेसमधे "अॅडिशनल बोर्ड्स मॅनेजर यूआरएल" च्या चौकटीत टाका. डाउनलोड काहीशे एमबीचं आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मधेच "डेडलाइन एक्सीडेड" म्हणून तुटतं. परत परत प्रयत्न केला तर होतं बऱ्याचदा, पण रात्री उशिरा किंवा चांगल्या वायफायवर बसून करा, आणि दिवे जायची वेळ टाळा.

व्हर्जन निवडताना थांबा. २०२४ पासून ३.० चं कोअर (म्हणजे हेच बोर्ड पॅकेज) आलं आणि त्यात काही फंक्शनं बदलली, उदाहरणार्थ पीडब्ल्यूएमसाठीची (दिव्याचा उजेड कमी-जास्त करण्यासारखी कामं) एलईडीसी सेटअप आणि एलईडीसी अटॅच पिन ही दोन्ही जाऊन एकच एलईडीसी अटॅच झालं. तुम्ही जुना व्हिडिओ बघून शिकत असाल तर त्यातला कोड नव्या कोअरवर कंपाइलच होणार नाही. अशा वेळी व्हर्जनच्या खिडकीतून २.०.१७ निवडा, जुना कोड चालेल. नवीन सुरुवात करत असाल तर ३ वरच करा.

बोर्ड म्हणून "ईएसपी ३२ डेव्ह मॉड्यूल" निवडलं की बहुतेक साध्या बोर्डांचं भागतं. अपलोड करताना "कनेक्टिंग" आणि पुढे ठिपके आणि रेघा येत राहिल्या तर बोर्डावरचं बूट असं लिहिलेलं बटण दाबून धरा, लिहायला सुरुवात झाली की सोडा. दरवेळी असं करावं लागत असेल तर ईएन (रीसेटची पिन) आणि जीएनडी यांच्यामधे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लसचा पाय ईएनकडे, कायमचं सुटतं. अपलोड अर्ध्यात तुटत असेल तर टूल्समधे अपलोड स्पीड ९२१६०० वरून ११५२०० वर आणा, लांब आणि स्वस्त केबलला तो वेग झेपत नाही.

"ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड" असं येऊन बोर्ड सारखा रीसेट होत असेल तर कोड शोधू नका, वायफाय चालू होताना करंट एकदम जास्त ओढला जातो आणि बारीक केबलमधे व्होल्टेज पडतं. जाड, आखूड केबल वापरा. वायफाय जोडलं जात नसेल तर राउटरचं नाव बघा, हा बोर्ड २.४ गिगाहर्ट्झच पकडतो, ५ चं नेटवर्क त्याला दिसतच नाही. आणि ५ व्होल्टचा सेन्सर थेट पिनेला लावू नका, याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. उनोची सवय असलेले हमखास एक तरी बोर्ड असा घालवतात.

पिको

रास्पबेरी पाय पिको २०२१ ला आला आणि त्यात ही सगळी ड्रायव्हरची कटकटच नाही, कारण त्याच्या आरपी २०४० चिपला यूएसबी स्वतःलाच येतं. बूटसेल बटण दाबून धरून केबल लावायची, पेनड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह उघडतो, त्यात यूएफ २ फाइल (तयार प्रोग्रॅमची फाइल) टाकायची, संपलं. पायथन येत असेल तर थॉनी नावाचा एडिटर घ्या, खाली उजव्या कोपऱ्यात इंटरप्रिटर निवडायची जागा आहे, तिथूनच मायक्रोपायथन बोर्डावर टाकता येतं. केबलचा नियम मात्र इथेही तोच.

कॉलेजच्या लॅबमधे

लॅबच्या मशीनवर अॅडमिनचा पासवर्ड नसतो आणि एकानं टाकलेली लायब्ररी दुसऱ्याच्या प्रोजेक्टला नडते. यासाठी मी १.८.१९ ची झिप फाइल वापरायला सांगतो, इन्स्टॉलर नाही. पेनड्राइव्हवर उघडायची आणि त्याच फोल्डरच्या आत पोर्टेबल या नावाचं रिकामं फोल्डर बनवायचं, स्पेलिंग इंग्रजीत, सगळी अक्षरं छोटी. मग बोर्ड पॅकेज, लायब्ररी, स्केच, सेटिंग सगळं त्या फोल्डरमधेच राहतं आणि कुठल्याही विंडोजवर जसंच्या तसं उघडतं. ही सोय आयडीई २ मधे नाही. पेनड्राइव्हवरून कंपाइल व्हायला वेळ लागतो, ईएसपीला तर चहा पिऊन येण्याइतका, म्हणून जमलं तर ते फोल्डर तात्पुरतं डेस्कटॉपवर कॉपी करून घ्या.

ड्रायव्हर मात्र पेनड्राइव्हवरून नेता येत नाही, त्याला अॅडमिन लागतोच. तो लॅब असिस्टंटकडून आधीच्या आठवड्यात टाकून घ्या आणि तुमचा बोर्ड, तुमची चिकटपट्टीवाली केबल लावून त्याच मशीनवर एकदा ब्लिंक चालवून बघा. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) यायच्या दिवशी सकाळी सगळेच असिस्टंटच्या मागे लागलेले असतात.